इंग्लंडमधला नॉन-लीग शनिवार: सामना निवडण्यापासून परतीच्या गाडीपर्यंत

इंग्लिश फुटबॉलमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्याखालचे तीन विभाग मिळून 92 क्लब होतात. त्यांच्याखाली जे काही आहे त्या सगळ्याला इंग्लंडमध्ये नॉन-लीग म्हणतात. नाव फसवं आहे, कारण इथेही रीतसर लीग आहेत, बढती आहे, घसरण आहे. सगळ्यात वर नॅशनल लीग ही पहिली पायरी, तिच्याखाली नॉर्थ आणि साउथ असे दोन विभाग, मग तिसऱ्या पायरीवर चार, चौथ्यावर आठ, पाचव्यावर सोळा. खाली जावं तसे विभाग वाढतात आणि प्रत्येकाचा भूगोल आकसतो. त्यामुळे तुम्ही इंग्लंडमध्ये कुठेही राहत असलात तरी तासाभराच्या अंतरावर ऑगस्ट ते एप्रिल या काळात जवळजवळ प्रत्येक शनिवारी दुपारी 3 वाजता कुठला ना कुठला सामना असतोच.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ पाहिलेल्या माणसाला इथलं वातावरण समजावून सांगावं लागत नाही. संघ गावाचा, क्लब चालवणारे गावातलेच, आणि बॉक्सच्या कडेला बचावपटूने खाल्लेली शिवी सगळ्यांना ऐकू येते. बाकीच्यांसाठी हा मार्गदर्शक. दिवस चांगला जाणार की नाही हे बहुतेक वेळा सामना सुरू होण्याआधीच ठरतं, म्हणून आधीच्या तयारीवर इथे जास्त शब्द खर्च केले आहेत.

कोणत्या पायरीचा सामना निवडावा

पहिल्यांदा जात असाल तर तिसरी किंवा चौथी पायरी निवडा. नॅशनल लीगमधले बरेच क्लब पूर्णवेळ व्यावसायिक आहेत. तिथे काही हजार प्रेक्षक, बॅगांची तपासणी, पाहुण्या पाठीराख्यांना वेगळा भाग, आणि तिकीट साधारण 18 ते 25 पौंड. सामना उत्तम असतो, पण मोठ्या लीगची छोटी आवृत्ती पाहिल्यासारखं वाटतं. उलट सहाव्या पायरीवर कधी कधी साठ-सत्तरच माणसं असतात. खेळ पाहायला मजा येते, पण सोबत नवखी मंडळी असतील तर त्यांना ओकंबोकं वाटू शकतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर दोनशे ते सातशे माणसं, 10 ते 14 पौंडांचं तिकीट, गोलमागे गाणारा एखादा घोळका, आणि मैदानाच्या चारही बाजूंनी मोकळेपणाने फिरता येतं. पाचव्या पायरीपासून खाली तिकीट 7 ते 10 पौंडांवर येतं. मोठ्या माणसासोबत आलेल्या मुलांना अनेक क्लब फुकट किंवा एक-दोन पौंडांत सोडतात.

क्लब निवडताना गुणतक्ता पाहू नका, मैदान पाहा. स्टेशनपासून चालत जाता येईल आणि मैदानाला स्वतःचं काही रूप असेल, या दोन गोष्टी पुरे आहेत. लंडनकरांसाठी डलिच हॅम्लेटचं चॅम्पियन हिल हे सोपं ठिकाण आहे. ते ईस्ट डलिच स्टेशनच्या अगदी शेजारी आहे, संघाचा रंग गुलाबी आणि निळा, आणि गर्दी या पायरीच्या मानाने खूप. तिथलं तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढा. लंडनच्या दक्षिणेला लुइस गावाचं ‘ड्रिपिंग पॅन’ हे मैदान स्टेशनपासून पाच मिनिटांवर, गवताच्या उतारांनी वेढलेलं आहे. क्लब पाठीराख्यांच्या मालकीचा आहे, आणि 2017 मध्ये त्यांनी पुरुष व महिला संघांना सारखंच मानधन द्यायला सुरुवात केली. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळाच्या आसपास ज्यांचं येणं-जाणं असतं त्यांना हेंडन क्लबचं किंग्जबरीतलं सिल्व्हर ज्युबिली पार्क जवळ पडेल. स्लाव भागातल्या मंडळींना स्लाव टाउनचं आर्बर पार्क आहे.

इतिहासाची ओढ असेल तर शेफील्डला जा. शहराच्या पश्चिमेला सँडीगेट मैदानावर हॅलम क्लब खेळतो, आणि शेफील्ड विरुद्ध हॅलम हा सामना तिथे 26 डिसेंबर 1860 ला झाला होता. जगातलं सर्वात जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याचं नाव घेतात. तिथला उतार नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नाणेफेक जिंकणारा कर्णधार कुठली बाजू निवडतो ते नीट पाहा, कारण पुढच्या 45 मिनिटांचा अर्धा हिशेब त्यात असतो.

सामना खरंच आहे का, हे तीनदा तपासा

सगळ्यात जास्त शनिवार इथेच फुकट जातात.

पहिली तपासणी आठवडाभर आधी. ऑगस्टमध्ये छापलेलं वेळापत्रक नोव्हेंबरमध्ये खरं राहीलच असं नाही. एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या ऑगस्टपासून सुरू होतात. शिवाय पहिल्या चार पायऱ्यांसाठी एफए ट्रॉफी आणि पाचव्या-सहाव्यासाठी एफए व्हाज असतो. संघ कपात पुढे गेला की त्या शनिवारचा लीग सामना उचलून मंगळवारी टाकतात. तुमचा संघ हरलेला असेल पण प्रतिस्पर्धी जिंकलेला असेल, तरीही सामना हलतो, आणि हे लोक विसरतात. म्हणून दोन्ही संघांचं कपातलं वेळापत्रक पाहा. क्लबचं संकेतस्थळ आणि त्या लीगचं अधिकृत संकेतस्थळ या दोन्हीकडे तारीख जुळली पाहिजे.

याच वेळी मैदानाचा पोस्टकोड क्लबच्या पानावरून घ्या, नकाशात क्लबचं नाव टाकून शोधू नका. अनेक छोट्या क्लबांना स्वतःचं मैदान नसतं, ते शेजारच्या गावच्या क्लबचं मैदान भाड्याने वापरतात. नाव एका गावाचं आणि सामना सात मैलांवर, असं सर्रास असतं.

दुसरी तपासणी शुक्रवारी संध्याकाळी, ती पावसासाठी आणि गारठ्यासाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सामने रद्द होणं ही रोजची गोष्ट आहे. चिकणमातीच्या मैदानातून पाणी लवकर झिरपत नाही. दोन दिवस संततधार लागली आणि गोलसमोरचा भाग आधीच तुडवलेला असेल, तर तिथे डबकं साचतं. थंडीचं गणित वेगळं आहे. डिसेंबरात सूर्य इतका खाली असतो की स्टँडच्या सावलीतली पट्टी दुपारपर्यंत वितळतच नाही. उरलेलं मैदान मऊ आणि कडेची दहा फूट कडक, एवढ्यावरसुद्धा पंच सामना रद्द करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण तिथेच घोटे मुरगळतात.

तिसरी तपासणी शनिवारी सकाळी, घरातून निघण्याआधी. शंका असेल तर क्लब जवळपासच्या एखाद्या पंचाला सकाळी 9 ते 10 च्या सुमारास मैदान पाहायला बोलावतो. पंच चेंडू टाकून उसळी पाहतो, घरंगळवून पाण्यात अडतो का पाहतो, टाचेने माती दाबून पाहतो. निकाल पाच मिनिटांत क्लबच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यावर येतो, संकेतस्थळावर तो अनेकदा संध्याकाळपर्यंत येत नाही. त्यामुळे दोन्ही क्लबांची खाती आदल्या रात्रीच फॉलो करून ठेवा. ‘दुपारी 12 ला पुन्हा पाहणी’ असं लिहिलेलं असेल तर लांबचा प्रवास सुरू करू नका.

यावर एक चांगला तोडगा म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, ज्याला तिथे 3जी म्हणतात. मेडस्टोन युनायटेडचं मैदान 2012 पासून असंच आहे, हेंडन आणि स्लावचंही तसंच. पावसाने हे सामने सहसा रद्द होत नाहीत, बर्फ पडला किंवा कडाक्याची थंडी पडली तर मात्र यांचीही खात्री नाही. हिवाळ्यात जाताना मूळ सामना गवतावरचा ठरवा आणि त्याच रेल्वेमार्गावर वाटेत लागणारा एखादा 3जी मैदानावरचा सामना पर्याय म्हणून लिहून ठेवा. सकाळी पहिला रद्द झाला तर त्याच तिकिटावर दुसरीकडे उतरता येतं.

रेल्वेचं तिकीट

वरच्या कारणासाठीच ‘ॲडव्हान्स’ तिकिटाच्या मोहात पडू नका. ते स्वस्त असतं, पण एका ठराविक गाडीला बांधलेलं असतं आणि पैसे परत मिळत नाहीत. नॉन-लीगसाठी ऑफ-पीक परतीचं तिकीट चांगलं, ते शनिवारी दिवसभर चालतं. तीन ते नऊ जण एकत्र जात असाल तर बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांवर ग्रुपसेव्हमधून भाडं एकतृतीयांश कमी होतं. दोघंच असाल तर टू टुगेदर रेलकार्डावरही तितकीच सूट मिळते, आणि दोन-तीन लांबच्या सहलींत कार्डाचे पैसे वसूल होतात. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाडीऐवजी बस लागते, त्यामुळे प्रवासाची वेळ त्याच आठवड्यात पुन्हा पाहा.

मोटारीने जाणार असाल तर क्लबचं वाहनतळ दीड वाजता रिकामं आणि सव्वादोनला भरलेलं असतं. गोलमागच्या बाजूला गाडी लावू नका. या मैदानांवर जाळ्या उंच नसतात, आणि सरावात मारलेले निम्मे फटके गोलवरून जातात.

2 वाजता पोहोचा

तीनचा सामना म्हणून पावणेतीनला पोहोचणाऱ्यांचं अर्धं सुख जातं. दोनला पोहोचलात तर टर्नस्टाइलवर रांग नसते. दरवाजा लोखंडी आणि अरुंद, आत खुर्चीवर क्लबचा एखादा जुना स्वयंसेवक. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण खालच्या पायऱ्यांवर यंत्राला रेंज नसणं नवीन नाही. खिशात 20 पौंड रोख ठेवा, त्यात सुटी नाणी असू द्यात. आत टी बार, रॅफल आणि कार्यक्रमपत्रिका यांना नाणीच सोयीची.

कार्यक्रमपत्रिका छापलेली असेल तर आत शिरताक्षणी घ्या. ती दोन-तीन पौंडांना असते, प्रती मोजक्याच असतात, आणि मैदानं गोळा करत हिंडणारे, ज्यांना ग्राउंडहॉपर म्हणतात, ते सगळ्यात आधी तीच उचलतात. बऱ्याच क्लबांनी आता ती फक्त फोनवर ठेवली आहे.

त्यानंतर संघांची यादी शोधा. ती सव्वादोनच्या आसपास क्लबहाउसच्या दाराशी किंवा टी बारच्या फळ्यावर लागते. तिचा फोटो काढून ठेवा. खालच्या पायऱ्यांवर जर्सीवर नावं नसतात, फक्त क्रमांक असतात, आणि भोंग्यातून येणारी घोषणा वाऱ्यात विरून जाते. यादी नसेल तर ‘तो सात नंबरवाला कोण’ हे सामना संपेपर्यंत कळत नाही.

जागा कुठेही घ्या. तिकिटात बसणं आणि उभं राहणं दोन्ही आलं, पाऊस असेल तर छताखाली, नसेल तर कठड्याला टेकून. पहिला अर्धा तास डगआउटजवळच्या, म्हणजे प्रशिक्षक आणि राखीव खेळाडू बसतात त्या जागेजवळच्या, कठड्यावर काढा असा आमचा आग्रह आहे. प्रशिक्षक बचावफळीला किती वेळा ‘वर या’ म्हणतो, गोलरक्षक कुणाला नावाने हाक मारून जागा बदलायला लावतो, झटापटीतून सुटलेल्या चेंडूवर कोण तुटून पडतं, हे सगळं पाच-सहा फुटांवरून दिसतं आणि ऐकू येतं. टीव्हीवर हा खेळ दिसत नाही. नंतर आपला संघ ज्या गोलवर चढाई करतोय त्या गोलमागे जा. मध्यंतरात पाठीराखे झेंडे गुंडाळून समोरच्या टोकाला चालत जातात. दोन्ही संघांचे घोळके वाटेत एकमेकांना ओलांडतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यासाठी पोलीस लागत नाही. हा रिवाज मोडू देऊ नका. समोरच्या संघाचे रंग घातलेल्या माणसाला वाट द्या आणि दोन शब्द बोला.

पंचांवर ओरडणं चालतं, शिवीगाळ नाही. खेळाडूंनाही इथे तोंड सांभाळावं लागतं. पाचव्या पायरीपासून खाली पंचांशी हुज्जत घातली तर पिवळ्या कार्डासोबत 10 मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा आहे, तिला सिन बिन म्हणतात. पंचाने दोन्ही हातांनी सीमारेषेकडे बोट केलं की समजा. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणं, इथे नाही, म्हणून गोल झाला की लगेच ओरडा.

चेंडू कठड्याबाहेर तुमच्याकडे आला तर फेकून परत द्या, जमत नसेल तर लाथाडू नका. क्लबकडे मोजकेच चेंडू असतात.

खाणं-पिणं

टी बार म्हणजे एक खिडकी, आत दोन-तीन माणसं आणि एक तळणीचं यंत्र. मध्यंतराची शिट्टी वाजली की तिथे पंधरा मिनिटांची रांग लागते, आणि मध्यंतरही पंधरा मिनिटांचाच. चाळिसाव्या मिनिटाला जा. पाय (pie), म्हणजे आत सारण भरून भाजलेल्या पेस्ट्री, अनेकदा मध्यंतरापर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे भूक असेल तर अडीचलाच खाऊन घ्या.

मराठी घरांतल्यांसाठी तीन गोष्टी. थंडीत सगळे कपातून पितात ते बोव्हरिल हे गोमांसाचा अर्क आहे, ते व्हेज सूप समजून घेऊ नका. उत्तरेकडे, खास करून यॉर्कशरमध्ये, चिप्स गाईच्या चरबीत तळायची पद्धत आहे. शाकाहारी असाल तर तेल कोणतं आणि त्याच यंत्रात मांस तळतात का हे विचारा, कुणालाही वाईट वाटत नाही. पाय घ्यायचीच तर चीज-अनियन बहुधा चालते. स्टेक म्हणजे गोमांस, आणि चिकन बाल्टी ही बर्मिंगहॅमकडची मसालेदार चव गोमांस न खाणाऱ्यांना पुरते. छोट्या क्लबांत घरून आणलेल्या डब्याला कुणी हरकत घेत नाही. पोळीचे रोल आणि पेपरमिंटच्या गोळ्या असल्या की मुलं मध्यंतरापर्यंत शांत राहतात. तरीही चहा क्लबकडूनच घ्या, त्या दीड-दोन पौंडांवर त्यांचं वीजबिल चालतं.

बिअरचा नियम लक्षात ठेवा. 1985 च्या कायद्यानुसार प्रीमियर लीगपासून मोजलेल्या पहिल्या पाच स्तरांच्या सामन्यांत, म्हणजे नॅशनल लीग धरून, मैदान दिसेल अशा जागी मद्य पिता येत नाही. नॅशनल लीग नॉर्थ-साउथ आणि खाली हा नियम लागू नाही. तिथे गोलमागे उभं राहून पिता येतं, पण प्लॅस्टिकच्या ग्लासात. काच क्लबहाउसच्या दाराबाहेर आली तर कारभाऱ्यांना त्रास होतो. त्याच मैदानावर एफए कपच्या मुख्य फेरीचा सामना असला की मात्र पुन्हा बंदी. मागच्या आठवड्यात चाललं म्हणून आज चालेल असं धरू नका.

रॅफलवाला फिरत येतो, एक-दोन पौंडांची चिठ्ठी घ्या. 50-50 सोडतीत जमलेल्यातली अर्धी रक्कम विजेत्याला, अर्धी क्लबला. गोल्डन गोलच्या चिठ्ठीवर एक वेळ छापलेली असते, पहिला गोल त्या वेळेला झाला तर बक्षीस तुमचं.

थंडी

भारतातून नुकतीच आलेली मंडळी जाकीट जाड घालतात आणि पायांकडे दुर्लक्ष करतात. दोन तास काँक्रीटवर उभं राहिलं की गारठा तळव्यातून चढतो. जाड तळाचे बूट, लोकरी मोजे (दोन पातळ जोड्या घट्ट बुटात घालू नका, रक्त अडून पाय आणखी गार पडतात), आणि शक्य असेल तर पायाखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा. पुठ्ठ्याने खरंच फरक पडतो, जुने पाठीराखे तो गाडीच्या डिकीत ठेवतात. डिसेंबरात लंडनमध्ये चार वाजण्याआधीच सूर्य मावळतो, म्हणजे उत्तरार्ध पूर्ण दिव्यांखाली. त्या वेळी तापमान झपाट्याने उतरतं. हातमोजे, टोपी आणि मानेभोवती काहीतरी खिशात असू द्या. छत्री नको, मागच्याला दिसत नाही. टोपीवाला रेनकोट बरा.

सामना संपल्यावर

सामना साधारण पावणेपाच ते पाचच्या दरम्यान संपतो. परतीची गाडी साडेपाचच्या आधीची धरू नका. क्लबहाउसमध्ये अर्धा तास थांबलात तर बाकीचे निकाल कळतात, आंघोळ करून खेळाडू येतात आणि मुलं त्यांच्याशी सरळ जाऊन बोलतात. त्यातले बरेच जण दिवसा सुतार, शिक्षक, कुरिअरवाले असतात. चांगला खेळला असं वाटलं तर सांगा.

मंगळवारचा सामना ठरवत असाल तर तो पावणेआठला सुरू होतो आणि साडेनऊच्या पुढे संपतो. गावाकडची शेवटची बस त्याआधीच गेलेली असू शकते. तेव्हा आधी परतीचं साधन, मग सामना.

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-वडिलांना न्यायचं असेल तर हिवाळ्याची वाट पाहायची गरज नाही. जुलैमध्ये हंगामपूर्व मैत्रीपूर्ण सामने असतात, मोठ्या क्लबांचे तरुण संघ छोट्या मैदानांवर येतात, आणि तिकीट स्वस्त असतं. ऑगस्टच्या सुरुवातीला एफए कपची पहिली प्राथमिक फेरी असते. ऊन असतं, गवत हिरवंगार असतं, सामना रद्द होण्याची भीती नसते. ज्येष्ठांसाठी छताखाली जागा आणि स्वच्छतागृह किती लांब आहे एवढं क्लबला आधी ईमेलवर विचारून घ्या, उत्तर येतं. ज्या शनिवारी राष्ट्रीय संघांचे सामने असल्याने वरच्या दोन विभागांना सुट्टी असते, त्यातलाच एक 2010 पासून ‘नॉन-लीग डे’ म्हणून पाळला जातो, त्या दिवशी अनेक क्लब दर कमी ठेवतात. आणि मे महिन्यात एफए ट्रॉफी व एफए व्हाज यांचे दोन्ही अंतिम सामने 2016 पासून वेम्बलीवर एकाच दिवशी, एकाच तिकिटावर होतात. ते तिकीट मोठ्या कपाच्या अंतिम सामन्याच्या मानाने फार स्वस्त असतं, आणि अंतिम फेरी ठरल्यावरही सहज मिळतं.